नेल्सन स्ट्रीटवरील शागिर्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चंदीगड येथे केलेले भाषण)



हाडांच्या वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आमची पदवी बी.ए.ची, आणि हयात गेली ती केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात. परंतु व्याख्यानासाठी विषय शोधत असतानाच मंडळातील एक मुलगी आमच्या घरी पेढे घेऊन आली. तिला अस्थिशल्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळून वर्ष झाले होते आणि पहिली परीक्षा पार पडली होती. ती लहान असताना मंडळाच्या खो-खोच्या संघात होती, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. नाव सांगू नका, अशी तिची अट आहे. ती आम्ही पाळतो.

पेढा हातावर ठेवून ती म्हणाली, "काका, पहिला महिनाभर सरांनी मला शस्त्रक्रियागृहात पाऊलच टाकू दिले नाही. प्लास्टरच्या खोलीत बसवले."

प्लास्टरच्या खोलीत एक वृद्ध कर्मचारी होते. शिक्षण बेताचे, पण तीस वर्षे हातांनी प्लास्टर घातलेले. प्राध्यापकांनी तिला सांगितले की, यांच्याकडून पट्टी भिजवायला शिक, पिळायला शिक, आणि घातलेले प्लास्टर कापायलाही शिक. मग माझ्याकडे ये. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलीला प्रथम त्याचा राग आला. महिना संपता संपता मात्र तिच्या ध्यानात आले की, पट्टी हाताला किती उष्ण लागली म्हणजे आत कातडी भाजेल, आणि किती घट्ट बसली म्हणजे रक्त अडेल, हे कोणत्याही ग्रंथात तिला सापडले नव्हते. सापडले ते या माणसाच्या बोटांत. आम्हांस आमचे पहिले हेडक्लार्क आठवले. त्यांनीही आमच्याकडून सहा महिने केवळ जावक नोंदवही लिहवून घेतली होती. त्यांच्याविषयी आम्ही तेव्हा काय बोलत होतो, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

मुलीने जाताना दोन नावे सांगितली, ह्यू ओवेन थॉमस आणि रॉबर्ट जोन्स. "या दोघांविषयी वाचा काका," ती म्हणाली, "आमच्या शास्त्रातली गुरुशिष्यांची जोडी आहे." आम्ही वाचले. त्यातून जे हाती लागले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

वेल्सच्या वायव्येस अँगलसी नावाचे बेट आहे. तेथे अठराव्या शतकात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला एक अनाथ मुलगा वाढला. गुरांची व माणसांची मोडलेली हाडे बसविण्याची विलक्षण हातोटी त्याला होती, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून द्या. पण त्याच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्य निपजले, हे खरे. आपल्याकडील हाडवैद्यांसारखेच ते होते. पदवी नाही, परवाना नाही, पण दारात रांग लागलेली. याच घराण्यातील इव्हान थॉमस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल बंदरात आले आणि गोदी कामगारांची हाडे बसवू लागले. तेथील पदवीधर डॉक्टरांना ते खपले नाही. इव्हान यांना वारंवार कोर्टाची पायरी चढावी लागली. या त्रासाला कंटाळून त्यांनी ठरविले की, आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टर करायचे. त्यांपैकी थोरला तो ह्यू, जन्म 1834 सालचा. प्रथम चार वर्षे एका डॉक्टर मामाकडे उमेदवारी, मग एडिंबरो आणि लंडन येथे शिक्षण, आणि 1857 साली सनद. परत येऊन त्याने वडिलांच्याच दवाखान्यात काम सुरू केले. पण बापलेकांचे पटले नाही. एक हाताने जाणणारा, दुसरा हाताने आणि पुस्तकानेही जाणणारा. लवकरच मुलाने वेगळी चूल मांडली आणि पुढे तो नेल्सन स्ट्रीटवर स्थिर झाला.

हा मनुष्य मोठा विक्षिप्त होता. अंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, एक डोळा अधू असल्यामुळे त्यावर ओढून घेतलेली टोपी, आणि तोंडात सदैव सिगारेट. (डॉक्टरच्या तोंडातील सिगारेटचे आज कोणी कौतुक करू नये.) पहाटेच बाहेर पडून तो रोग्यांच्या घरी जाई आणि परतल्यावर दिवसभर दवाखान्यात राबे. दर रविवारी गोरगरिबांना फुकट तपासले जाई. घराला जोडून त्याचा स्वतःचा कारखानाच होता. तेथे लोहार भट्टीवर सळ्या वाकवी आणि कातडी काम करणारा कारागीर त्यांवर गाद्या शिवी. रोगी समोर उभा, त्याचे माप घेतले, सळई तापली, वाकली आणि तेथल्या तेथे त्याच्या पायाला बसली. मोठ्या रुग्णालयांतील शल्यविशारद त्या काळी दुखरा सांधा कापून काढण्यात किंवा पायच तोडण्यात पुरुषार्थ मानीत. थॉमसचे म्हणणे असे की, रोगट सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या. निसर्ग आपले काम करील. 1875 साली त्याने खुबा, गुडघा व घोटा यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. पण भाषा अशी तिखट, की ज्यांना पटवायचे त्यांनाच त्याने झोडपून काढले. हाडवैद्याचा पोर म्हणून ते आधीच त्याला हिणवीत होते; आता त्यांना निमित्तच मिळाले. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्याला कधी जागा मिळाली नाही.

आमच्या मते, थॉमस एकटाच असता तर त्याची विद्या त्याच्याबरोबरच गेली असती. 1873 साली त्याच्या घरी सोळा वर्षांचा एक मुलगा राहावयास आला. हा रॉबर्ट जोन्स. इंग्रजीत सगळे नाते 'अंकल' या एका शब्दात उरकते. पण आपली मराठी नेमकी आहे. थॉमसची बायको एलिझाबेथ ही रॉबर्टची आत्या, म्हणजे थॉमस हे त्याचे आतोबा. घरात मूलबाळ नव्हते. आत्याने भाच्याला मायेने वाढविले आणि आतोबांनी त्याला कामाला जुंपले. वैद्यकीय शाळेतून तो घरी येई तो भट्टीच्या धुरात आणि रोग्यांच्या गर्दीत. सळई कशी वाकवावी, लहान मुलाचा खुबा तपासताना त्याला कसे बोलते ठेवावे, पट्टी बांधल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन का पाहावे, या गोष्टी तो तेथे शिकला. 1878 साली सनद मिळाल्यावर तो तेथेच आतोबांचा साहाय्यक झाला.

थॉमसची एक तपासणी आजही जगभर चालते, आणि तिचे नावच थॉमसची चाचणी असे आहे. खुबा आखडलेला रोगी उताणा निजला की पाठीची कमान करून तो आपला दोष लपवितो. पाय सरळ दिसतो. अशा वेळी दुसरा पाय गुडघ्यात वाकवून पोटाशी दाबला की पाठ पलंगाला टेकते आणि लपलेला आखडलेपणा उघडा पडतो. दुखरी मांडी आपोआप वर उचलली जाते. क्षयाने सांधा सडलेल्या पोरांसाठी काढलेली ही युक्ती. पण आमची विद्यार्थिनी सांगते की, धावपटूंच्या व फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू आखडले आहेत काय हे पाहण्यासाठी आज तिचाच थोडा बदललेला प्रकार रोज वापरला जातो. येथून जवळच पतियाळा येथे, महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात, 1961 साली राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. तेथे क्रीडावैद्यकावरील एका शिबिराला सरांनी तिला नेले होते. राजवाड्यातील त्या संस्थेत खेळाडूंना पालथे-उताणे करताना आपण नेल्सन स्ट्रीटवरील लोहाराच्या भट्टीशेजारी उभे आहोत असे वाटले, असे ती म्हणाली. आम्हांस तिचे हे वाक्य फार आवडले.

1888 साली जोन्सला एक मोठे काम मिळाले. मँचेस्टर शहरापर्यंत समुद्रातील जहाजे आणण्यासाठी छत्तीस मैलांचा कालवा खणला जात होता. हजारो मजूर, सुरुंग, वाफेची यंत्रे आणि दरडी यांमुळे रोजचे अपघात ठरलेले. अवघ्या एकतिशीच्या आसपासच्या या डॉक्टरवर सर्वांची जबाबदारी पडली. त्याने कालव्याच्या काठाने ठरावीक अंतरावर प्रथमोपचाराची ठाणी व तीन रुग्णालये उभारली. बांधकामाच्या रुळांवरूनच जखमींना तेथे पोहोचविण्याची सोय केली. अपघातग्रस्तांसाठी अशी आखीव व्यवस्था जगात यापूर्वी झाली नव्हती, असे जाणकार मानतात. तेथे थॉमसच्या सळया हजारोंच्या कामी आल्या. मात्र कालवा पुरा झालेला पाहण्यास थॉमस राहिला नाही. 1891 च्या जानेवारीत, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो वारला. लिव्हरपूलच्या कामगारांनी त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरून टाकले. रुग्णालयांनी ज्याला जागा दिली नाही, त्याला त्या शहराने अशी जागा दिली.

आता शिष्याचा स्वभाव पाहा. गुरू भांडखोर, तर हा मृदू. गुरूने विरोधकांवर पुस्तके फेकली; याने त्यांना घरी जेवावयास बोलाविले. विद्या तीच, पण सांगण्याची रीत निराळी. आणि ज्या रुग्णालयांनी थॉमसला दार लावले होते त्यांतच जोन्सला शल्यविशारदाची जागा मिळाली. नवे काही दिसले की हा पुढे. क्ष-किरणांचा शोध लागून तीन महिनेही झाले नव्हते, तोच 1896 च्या फेब्रुवारीत भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्याकडून त्याने एका मुलाच्या मनगटात रुतलेल्या छऱ्याचे छायाचित्र काढवून घेतले. त्यासाठी त्या पोराला दोन तासांहून अधिक वेळ हात हलविता आला नाही.

त्याची दुसरी गोष्ट अधिक गमतीची. एकदा नाचताना त्याचे पाऊल बाहेरच्या अंगाला मुरडले. स्नायूची शीर तुटली असेल असे त्याला वाटले. सहकाऱ्याने छायाचित्र काढले, तर करंगळीच्या मागचे, तळपायाच्या बाहेरील कडेचे लांब हाड मोडलेले! पाऊल कशावर आपटले नसताना नुसत्या मुरडण्याने हाड मोडते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी नव्हते. त्याने तसे आणखी रोगी शोधले आणि 1902 साली त्यावर लेख लिहिला. त्या अस्थिभंगाला आजही जोन्सचेच नाव आहे. त्या जागी रक्तपुरवठा तोकडा, म्हणून हाड सांधण्यास फार वेळ लागतो. फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्यांना हे दुखणे महिनोन्‌महिने घरी बसविते, आणि पुष्कळदा आत स्क्रू घालावा लागतो.

पहिल्या महायुद्धात काय झाले ते सांगितल्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. मांडीचे हाड मोडले की मांडीचे दांडगे स्नायू तुटलेली टोके एकमेकांवर ओढतात; टोके मांस फाडतात आणि मांडीत लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त साचू शकते. झोळीतून हिसके बसत माघारी नेताना सैनिक वाटेतच संपत. 1916 पर्यंत अशा दहा जखमींपैकी आठ दगावत, असे सांगितले जाते. थॉमसची सळई म्हणजे जांघेत बसणारे गादी लावलेले कडे, त्यापासून पायाच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या लोखंडी सळया, आणि पावलाशी दोरी बांधून दिलेला ताण. ताण दिला की टोके दूर होतात, हाड हलत नाही आणि रक्त साचण्यास जागाही कमी उरते. जोन्स आता लष्करी अस्थिशल्यविभागाचा निरीक्षक झाला होता. गुरूची ही सळई आघाडीवरच बांधली पाहिजे, असा आग्रह त्याने धरला. झोळी वाहणाऱ्या साध्या शिपायांना बूट-पाटलोण न काढता, अंधारात, डोळे बांधून ती चढविण्याचा सराव दिला गेला. 1917 साली अरासच्या लढाईत अशा सुमारे एक हजार जखमींत मृत्यूचे प्रमाण शेकडा सोळाच्याही आत आले. ज्याला लोक हाडवैद्याचा पोर म्हणत होते, त्याची ती सळई, त्याच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी.

ॲग्नेस हंट या बाईंचाही उल्लेख करावयास हवा. स्वतः बालपणापासून खुब्याच्या दुखण्याने अधू असलेल्या या परिचारिकेने 1900 साली बॅसचर्च या खेड्यात अपंग मुलांसाठी उघड्या हवेतील आरोग्यगृह काढले. पुढे ती जोन्सकडे रोगी म्हणून गेली आणि त्यालाच आपल्या मुलांसाठी खेड्यात खेचून घेऊन आली. दोघांच्या नावाचे रुग्णालय आज ऑस्वेस्ट्री येथे आहे. कोण कोणाचा गुरू हे या जोडीत सांगणे कठीण. जोन्स 1933 साली वारला. लिव्हरपूल विद्यापीठात त्याच्या हयातीतच अस्थिशल्यशास्त्राची स्वतंत्र पदवी सुरू झाली होती. आपल्या देशातील पहिल्या पिढीचे अनेक अस्थिशल्यविशारद तीच पदवी घेऊन परत आले आणि त्यांनी मुंबई, मद्रास, पंजाब येथे विद्यार्थी तयार केले. म्हणजे आमच्या या मुलीचे गुरुघराणे शोधू गेल्यास दोन-तीन पिढ्यांत ते नेल्सन स्ट्रीटवर पोहोचण्याचा पुष्कळ संभव आहे.

तिच्या सरांविषयी आणखी एक प्रसंग सांगतो. या प्रांतात कबड्डी आणि कुस्ती म्हणजे नुसता खेळ नव्हे. त्यावर नोकरी लागते. गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटलेला एक कबड्डीपटू त्यांच्याकडे आला. दोन आठवड्यांवर निवड-सामने आलेले, आणि त्यांवर नोकरी अवलंबून. सरांनी क्ष-किरणचित्र हातात घेण्यापूर्वी त्याला खोलीभर चालावयास लावले. ही त्यांची सवयच आहे. मग मुलीला म्हणाले, "याला काय सांगायचे ते तू सांग." तिने सांगितले की, शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर किमान नऊ महिने सामना नाही. मुलगा काही न बोलता उठून गेला. गावी जाऊन कोणाकडून तरी सुई टोचून घेतली आणि खेळला. पाच आठवड्यांनी परत आला तेव्हा गुडघ्यातील गादीही फाटली होती आणि निवड तर झालीच नव्हती. आता सर याला झाडणार, असे हिला वाटले. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "चल, आता नव्याने सुरुवात करू." नंतर हिला एवढेच विचारले, "त्या दिवशी तू त्याला नोकरीविषयी काही विचारले होतेस का?" तिने विचारले नव्हते. थॉमसने त्या पोराला बहुधा शिव्या दिल्या असत्या. जोन्सने काय केले असते, हे आपण ओळखालच.

आता आमच्या घरची एक गोष्ट. ती सांगावी की नाही याविषयी आमचे मन पुष्कळ दिवस ठरत नव्हते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, 1974 साली अकरा वर्षांचे होते. आम्ही सहा वर्षांचे. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आट्यापाट्या खेळताना अण्णा हातावर पडले; कोपराच्या वर हाड मोडले. गावच्या हाडवैद्याने लेप लावून, बांबूच्या कामट्या ठेवून हात करकचून बांधला. त्या गृहस्थाला आम्ही दोष देत नाही. त्याने गावातील शेकडो हाडे नीट बसविली होती. पण त्या रात्री अण्णांच्या हाताला असह्य ठणका लागला. बोटे सुजली, काळीनिळी झाली. आम्ही त्यांच्या शेजारी निजलो होतो. ते उशीत तोंड खुपसून रडत होते आणि आम्हांला म्हणाले, "दादांना उठवू नकोस, ओरडतील." आम्ही उठविले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेले तोवर हाताचे स्नायू मेले होते. रक्त अडले की सहा-आठ तासांत ते मरतात, हे आम्हांस आता ठाऊक झाले. अण्णांची बोटे तेव्हापासून आत वळलेली आहेत. त्यांनी डाव्या हाताने लिहून शिक्षण पुरे केले, शिक्षक झाले, निवृत्त झाले. हात मात्र कोणाला दाखविला नाही.

यंदा गणेशोत्सवात अण्णा आमच्याकडे आले होते. ही मुलगी आरतीला आली होती. प्रसाद घेताना तिचे लक्ष गेले आणि तिने सरळ विचारले, "अण्णाकाका, पाहू का?" आम्हांस वाटले, अण्णा हात मागे घेतील. त्यांनी तो पुढे केला. तिने त्यांचे मनगट खाली वाकविले. बोटे बरीचशी उघडली. मनगट वर केले, बोटे मिटली. स्नायू आखूड झाले की असे होते, आणि याच मार्गाने, मनगट वाकलेले ठेवून आधी बोटे व मग मनगट, असे आठवड्या-आठवड्याने सरळ करीत नेण्याची रीत रॉबर्ट जोन्सने सांगितली होती, असे ती म्हणाली. आता इतक्या वर्षांनी तिचा उपयोग नाही, हेही तिने लपविले नाही. अण्णा मात्र हसले. वाटी खाली ठेवताना ते मनगट असे का वाकवितात, हे पन्नास वर्षे रोज त्यांच्याबरोबर न जेवल्यामुळे म्हणा, किंवा पाहण्याचे धैर्य नसल्यामुळे म्हणा, आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

"पट्टी किती वेळाने सोडली?" तिने विचारले.

"दोन रात्री," अण्णा म्हणाले. आमच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

मंडळाच्या सभागृहात औषधपेटीजवळ, जेथे आपली मुले खो-खोच्या सरावानंतर पाणी पितात, तेथे गेल्या महिन्यापासून एक कागद लावलेला आहे. तो तिने लिहिला आहे. हात किंवा पाय बांधल्यावर ठणका वाढत गेला, बोटे निळी किंवा बधिर झाली, बोट सरळ करताना कळ आली, तर पट्टी त्याच क्षणी सैल करावी, प्लास्टर असेल तर कापावयास त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. हाड पुन्हा बसविता येते. लावण्यापूर्वी तिने तो अण्णांना दाखविला. त्यांनी शिक्षकी सवयीने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि डाव्या हाताने खाली एक ओळ घातली. ती अशी: रात्र असली तरी मोठ्यांना उठवावे.